इतिवृत्तात नसलेलं

एकतीस वर्षं या गावच्या सभांचं इतिवृत्त मी लिहिते.
सूचक कोण, अनुमोदक कोण, इतके विरुद्ध तितके.
खोकला लिहायचा नसतो. गप्प बसणंही नाही.
म्हणून थुसियंथी, माझ्या वह्यांत तू
जेमतेम दोन बोटं जाडीची आहेस.

तुझा बाप, कनगरत्नम, आला तो डिसेंबरात.
शर्टावर शर्ट, वर कुणाचा तरी उसना स्वेटर.
धक्क्यावर त्याने माझ्या भावाला विचारलं, सूर्य कुठाय?
भाऊ म्हणाला, जानेवारीत येईल.
जाफन्याचा माणूस पोट धरून हसला.
दुपारी दोनला परत येऊन विचारून गेला,
हळू आवाजात.

मग तुझी आई आली, मग तू झालीस,
आणि कारखान्याच्या पट्ट्यावर
कॉडची पोटं फाडणाऱ्या बायकांत निम्म्या तमिळ झाल्या.
आमच्या पोरी तोवर ओस्लोला पळाल्या होत्या,
जिथे हाताला वास येत नाही.
हे कुणी बोलत नसे.
बोलत ते तुमच्या मिरच्यांबद्दल,
जिन्यावरून खाली उतरणाऱ्या खाटेबद्दल.

एकविसाव्या वर्षी तू पहिल्यांदा उभी राहिलीस.
दुकानाच्या दारावर तुझा फोटो, शेजारी
'बर्फगाडी विकणे आहे, एकहाती वापरलेली'.
अकरा मतांनी पडलीस.
लोक म्हणाले, पोर गुणी आहे, पण.
त्या 'पण'पुढे कुणी काही ठेवलं नाही,
रिकामं ताट ठेवावं तसं नुसतं ठेवलं.

चार वर्षांनी निवडून आलीस.
अध्यक्ष तुझ्या नावाशी दोनदा अडखळले.
म्हणाले, थुसी चालेल ना?
तू म्हणालीस, नाही चालणार.
मी मान वर न करता पूर्ण लिहिलं, आडनावासकट.
माझ्या आईला शाळेने क्रिस्तीन केलं होतं.
घरी, सामी भाषेत, ती रिस्तेन.
दगडावर कोणतं कोरायचं यावर
आम्ही भावंडं एक अख्खा हिवाळा भांडलो.
तुला हे मी कधी सांगितलेलं नाही.

नगराध्यक्ष झालीस तेव्हा दक्षिणेतून कॅमेरे आले.
त्यांना तू मासा कापताना हवी होतीस.
तुला कुठे येतो कापता!
आईने सुरीला हात लावू दिला नव्हता.

आणि तो मंगळवार. विषय क्रमांक सात:
धक्का साल्मनवाल्या कंपनीला, कापणीची शेड बंद.
कॉड गोठून पोलंडला जाईल, तिथले हात स्वस्त.
शाळेचं छप्पर गळत होतं, तिजोरीत खडखडाट.
नऊ विरुद्ध आठ, तुझं अजून बाकी,
एकजण न्यूमोनियाने घरी.
तू विरोधात गेलीस की बरोबरी,
आणि बरोबरीत अध्यक्षाचं पारडं जड धरतात.
म्हणजे शेड तुझ्या एका शब्दावर उभी होती.
शेवटच्या रांगेत तुझी आई, मांडीवर लोकरी टोपी.
तू तिच्याकडे पाहिलं नाहीस,
पाण्याच्या ग्लासाकडे पाहिलंस.
'बाजूने.'
तेवढं इतिवृत्तात आहे.
नाही ते हे:
सभा संपल्यावर ती माझ्या टेबलाशी आली,
वाकडी झालेली बोटं काठावर टेकवली,
विचारलं, तिचं नाव नीट लिहिलंस ना?

पुढच्या निवडणुकीत एकशे चाळीस मतांनी गेलीस.
या खेपेला 'पण' नव्हता.
भाऊ म्हणाला, झाली बघ ती गावची.
आता तिला केलेल्या कामासाठी पाडलं,
आपल्यासारखंच.
मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

काल सूर्य परतला, चारच मिनिटं.
शाळा सुटली, पोरांनी टेकडीवर गोड पाव खाल्ले.
छप्पर नवं आहे, गळत नाही.
तू खाली धक्क्यावर होतीस, बंद शेडच्या भिंतीला टेकून,
आणि शेजारी तुझा बाप,
घड्याळ काढून बसलेला.