साय

शाळा मार्चअखेर बंद होणार, असं पत्र आलं
तेव्हा मी फाटकापुढचा बर्फ उपसत होतो.
ओगासावाराबाईंनी ते दोनदा वाचलं, घडी घातली,
आणि म्हणाल्या, किहेइसान, खोकी किती साठलीत?

खोकी म्हणजे दुधाची, दोनशे मिलीची.
रोज दुपारी जेवणाबरोबर एकेक.
तळाशी पेन्सिलीनं नाव.
पिऊन झालं की विसळायचं, कडेनं कापून उघडायचं,
दोरीवर वाळत घालायचं.
आमच्या होक्काइदोत मोजे आणि दुधाची खोकी
एकाच स्टोव्हच्या उबेला वाळतात.

सहावीत यंदा एकटी चिनात्सु.
तिला दूध आवडत नाही.
सहा वर्षं ती नाक दाबून,
ताटातलं शेवटचं शीत संपल्यावर,
औषध घ्यावं तसं ते पीत आली.
तिच्या प्रमाणपत्राचा कागद
तिच्याच खोक्यांचा करायचा, असं ठरलं.

बादलीत कोमट पाणी. तीन दिवस.
चौथ्या दिवशी कोपरा नखानं उचलला
की प्लॅस्टिकचा पापुद्रा सुटतो, आधी वरचा, मग आतला,
गार दुधावरची साय बोटानं ओढावी
तसा, अखंड.
मध्ये उरतो तो कागद.
ह्या कागदाचं झाड कुठल्याशा लांबच्या बर्फातलं.
त्यानं करवत पाहिली, जहाज पाहिलं, छापखाना पाहिला,
गाय काही पाहिली नाही,
अंगावर निळ्या शाईत छापली तेवढीच.

मिक्सर स्वयंपाकघरातून आणला.
मित्सुए ओरडली, उद्या त्यात भोपळ्याचं सूप आहे!
तुकडे, पाणी, घरघर,
आणि आजाऱ्याला देतात तशी पांढरी पेज.
ती जाळीच्या चौकटीत घ्यायची, हलवायची,
पाणी गळू द्यायचं.
पहिल्या कागदाला भोक पडलं.
दुसरा फाटला.
तिसरा पापडासारखा वाकला, इस्त्रीलाही बधला नाही.

खोकी संपत आली, म्हणून मी मागचं कपाट उघडलं.
तिथं एक वेगळा गठ्ठा, सुतळीनं बांधलेला.
तळाशी नाव : रेन्तारो.

रेन्तारो तिसरीतून गेला.
त्याच्या बापानं गोठा मोडला, एकेचाळीस गाई.
ट्रकमध्ये चढताना एकही हंबरली नाही,
असं गावात सांगतात.
मी तिथं होतो. हंबरल्या.
ते ओबिहिरोला गेले, आणि यादीतून नाव निघेपर्यंत
महिनाभर त्याचं दूध येत राहिलं.

पण तो गेल्यावरची खोकीही ह्यात होती.
तारखा होत्या त्यांवर.
धुतलेली, उघडलेली, वाळवलेली,
आणि नाव त्याचं असलं तरी अक्षर त्याचं नव्हतं.

हे दूध कोण प्यायलं? मी विचारलं.
चिनात्सु चौकट हलवत राहिली.
पाणी गळत होतं.
मग म्हणाली, टाकून दिलं असतं तर
त्यांनी नाव लगेच खोडलं असतं.

मी पुढं काही विचारलं नाही.
नाक दाबून, रोज दोन.

चौथा कागद सपाट निघाला.
फक्त उजवीकडे एक निळा ठिपका राहून गेला,
छापलेल्या गाईचा डोळा असावा.
काढू का, म्हटलं चिमट्यानं?
ओगासावाराबाईंनी चष्मा वर केला, जवळून पाहिलं,
आणि त्याच्याच शेजारी तिचं नाव लिहिलं,
ब्रश जरा जास्तच भिजवून.

समारंभाला एक खुर्ची पुढं, अकरा मागं.
मित्सुए रडली, आणि कांद्यावर ढकलायला
त्या दिवशी कांदाही नव्हता.

पाचवा कागदही निघाला होता.
बाई म्हणाल्या, शिक्का मारता येणार नाही, नियमात नाही.
चिनात्सुनं तो तसाच मागून घेतला
आणि ओबिहिरोच्या पत्त्यावर टाकला.
आत एकच ओळ, मला पोस्टात द्यायला दिली
म्हणून मी वाचली, वाचायला नको होती :
ह्यात तुझंही आहे. तू नेहमी अर्धंच ठेवायचास.

आता वर्गांना कुलूप. किल्ल्या पालिकेत जमा.
सोललेल्या पापुद्र्यांची एक पिशवी
माझ्याकडे राहिली आहे.
प्लॅस्टिकचा ट्रक गुरुवारी येतो.
तीन गुरुवार झाले.