सोळावा शब्द

डंडीत नोव्हेंबरात चार वाजताच दिवे लागतात.
तिसऱ्या मजल्यावर, टे नदीकडे पाठ केलेल्या खोलीत
मी मोराग पेट्रीला पंधरा शब्द वाचून दाखवते.
दर सेकंदाला एक, आवाज सपाट,
रेशनच्या दुकानात नावं पुकारावीत तसा:
चमचा. पूल. मेंढी. कंदील. बटण.

त्याआधी तिनं फुग्यातली वाफ ओढलेली असते.
त्यात खरा गांजा, की गुण काढून घेतलेला
नुसता वास,
मला माहीत नाही. तिला माहीत नाही.
माहीत आहे ते फार्मसीतल्या बंद पाकिटाला.
इथं याला दुहेरी अंध म्हणतात.
आमच्या गल्लीत आंधळी कोशिंबीर म्हणायचे,
फक्त तिथं पट्टी एकाच्याच डोळ्यांना असायची
आणि बाकीचे हसायचे.

मोराग, वय अडुसष्ट.
चौऱ्याहत्तर सालापासून ओढते म्हणाली,
आधी मजेखातर, मग नवऱ्याबरोबर,
मग नवऱ्याशिवाय,
आता बोटांसाठी.
बोटं तागाच्या गिरणीत गेली.
"ताग काय नि गांजा काय, शेवटी धागाच की.
एकानं हात नेले, दुसऱ्यानं थोडे परत दिले."
हे लिहायला फॉर्मवर रकाना नाही.

रकाना आहे तो असा:
शंभर मिलिमीटरची आडवी रेघ.
डाव्या टोकाला 'अजिबात नाही',
उजव्या टोकाला 'कल्पनेपलीकडे'.
आत्ता झिंग किती? पेन्सिलीनं खूण करा.
मग मी मोजपट्टी लावते.
त्रेपन्न. एकसष्ट.
माणसाच्या आत जे काही चाललंय
ते संध्याकाळी एक्सेलमध्ये भरून घरी जाते.

दुसऱ्या भेटीत तिनं रेघच वाढवली,
कागद संपला तिथून टेबलावर, चांगली वीतभर,
आणि खुदकन हसली.
नियम म्हणतो: शंभराच्या पुढचं शंभरच धरावं.

वीस मिनिटांनी शब्द परत मागायचे.
पूल आला, बटण आलं, मेंढी आली,
खिडकीबाहेर बघत आणखी चार.
मग डोळे मिटून म्हणाली, "भोंगा."

भोंगा यादीत नव्हता.
"होता. तूच वाचलास.
कंदील आणि बटण यांच्या मधे."
कंदील असा मागच्या दारानं आला;
तो आठवा धरावा का, यावर नियमात काही नाही.
मी धरला.
भोंग्यापुढे लिहिलं: घुसखोर, एक.
शास्त्रात हाच शब्द आहे.
व्हिसाच्या रांगेत मी तो आधीच ऐकला होता.

शेवटी एक प्रश्न मलाही असतो:
तुमच्या अंदाजे हिला काय दिलं होतं?
मी बेधडक लिहिलं, खरा.

मार्चमध्ये पाकिटं उघडली.
सत्तेचाळीस नंबर, दुसरी भेट: नुसता वास.
डॉक्टर फार्कर्सन म्हणाले, होतं असं,
अपेक्षेचीही झिंग चढते.
बाकीचा आलेख बरा आलाय,
मात्रा वाढली की शब्द गळतात,
सगळ्यांचे नाही, कायमचे की कसे तेही ठाऊक नाही,
त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा पैसे.
मी मान डोलावली.

फक्त एक कुणाला बोलले नाही.
ध्वनिमुद्रण करायची आम्हाला परवानगी नव्हती.
सोलापुरात सहाच्या भोंग्याला बाबा सायकल बाहेर काढायचे,
चेन उतरलेली, हाताला काळं तेल.
आणि त्या दुपारी कंदील म्हणून झाल्यावर
मी श्वास घेतला होता,
एक सेकंदाहून थोडा मोठा.
त्यात मी काहीच म्हटलं नाही
असं छातीठोक सांगता येत नाही.

टेबलावरची रेघ पुसण्याआधी मी मोजून ठेवली.
दोनशे चौदा.