सहा मिलिमीटर

फतेगंजात इम्तियाझकडून अर्धा किलो घेतलं,
पिशवीवर नंबर टाकला : सतरा.
"चिटणीसबेन, तुम्ही तर खात नाही."
खात नाही.
धुतलेलं पाणी तेवढं ठेवून घेते.

थाळीतलं आगर पेजेसारखं, फिकट.
त्यावर कापसाच्या बोळ्याने सॅल्मोनेला सारवला,
आधी उभा, मग आडवा,
कुठे कोरं राहू नये असा.
मग औषधांच्या कागदी चकत्या, चिमट्याने, एकेक.
रात्रभर सदतीस अंश.

सकाळी चकतीभोवती खळं पडतं,
चंद्राला पडतं तसं.
जेवढं मोठं, तेवढं औषध अजून शाबूत.
पट्टी लावायची, आकडा लिहायचा.
तेवीस. एकोणीस. अकरा.
सहा.

सहा म्हणजे सहा नव्हे.
चकतीच सहा मिलिमीटरची असते.
सहा म्हणजे ते तिच्या काठाला येऊन टेकलेत,
पाराला टेकावं तसे, निवांत.

सावलीच्या फार्मवर भूपतभाईंनी टाकी दाखवली होती.
पिल्लं उतरली त्या दिवसापासून रोज झाकणभर दवा.
"आजारी आहेत?"
"नाही ना. म्हणून तर."
पस्तीस दिवस, दोन किलो, सरळ हिशेब.
वर मला ताक पाजलं.

एक जंतू दुसऱ्याला देतो ती युक्ती,
गच्चीच्या भिंतीवरून वाटीभर साखर द्यावी तशी.
परत मागत नाही.
आतड्यात रुतवायचा गळसुद्धा
कधीकधी त्याच वाटीतून जातो.

मंगळवारी दवाखान्यातून नमुना आला.
मुलगी, वय चार. नाव नसतं, नंबर असतो.
तिची थाळी सतराशेजारी ठेवली.
सारखं दिसणं म्हणजे एकच असणं नव्हे,
हे मीच मुलांना शिकवते.
पट्टी पुसली, पुन्हा लावली.
सहा. सहा. सहा.
फोनवर डॉक्टर विचारत होते, मग काय चालेल?
मी उरलेलं एक नाव सांगितलं.
स्पेलिंगसकट, दोनदा.

रात्री विश्वामित्रीच्या पुलावर रिक्षा अडकली.
वर चंद्राला हे एवढं खळं,
माझी बोटं आपसूक मोजायला उठली.
खळ्याच्या आत एक चांदणी होती.
रिक्षावाला म्हणाला, सरस लागे छे, नै?

थाळीत अशी एक जरी दिसली
तरी मी ते खळं धरत नाही.