अकरा वळणं

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली.
आता गुडघे ब्रेकला नाही म्हणतात,
तेव्हा हाल्वरसनने विचारलं, मचाणावर बसशील का,
ऑक्टोबरातले शनिवार-रविवार?
चौदा पायऱ्या. नारिंगी जाकीट. थर्मासात कॉफी.
खाली सात एकर मका, वाळून कागद झालेला,
वारा आला की सगळं विस्कॉन्सिन
पेपराची पानं उलटतंय असं वाटतं.

लोक इथे पैसे देऊन हरवायला येतात.
मोठ्यांना नऊ डॉलर, पाचाखालच्यांना फुकट.
प्रत्येक घराला एक लांब काठी, काठीला पिवळं फडकं:
अगदीच चकवा लागला तर उंच धरा,
वरची बाई रस्ता सांगेल.
वरची बाई म्हणजे मी.

साडेतीनला निळ्या गाडीतून ती उतरली, दोन पोरांना घेऊन.
करड्या ट्रकमधून तो.
ट्रक त्याने लांब लावला, भोपळ्यांच्या ढिगापलीकडे,
आणि चालत येताना
हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.
मी बसवाली, मला एवढं पुरतं.
कुठलं मूल कुठल्या आठवड्यापासून
दुसऱ्याच थांब्यावर उतरायला लागलं,
हे आधी ड्रायव्हरला कळतं, मग शेजाऱ्यांना.

थोरली तिल्डा, नकाशा तिच्या ताब्यात.
धाकटा ओटिस, गमबूट उलट्या पायांत,
बापाचा खांदा नको, आईचा हात नको,
काठी तेवढी मीच धरणार.

पहिल्याच फाट्यावर भांडण: डावं की उजवं.
तिल्डा म्हणाली, दोन टीम पाडू.
कुणी हसलं नाही.

बराच वेळ ते लांब लांब जात राहिले.
मग वाटांनीच त्यांना जवळ आणलं,
अगदी माझ्या मचाणाच्या बुडाशी.
मध्ये मक्याच्या तीन ओळी.
"ऐकू येतंय का?" तो.
"येतंय."
"कुठे आहात?"
"इथेच."
यावर दोघांनाही काही सुचेना.

मी कर्णा उचलला. खाली ठेवला.
या बाजूची त्या बाजूला यायला अकरा वळणं,
मला तोंडपाठ.
पण फडकं वर नव्हतं,
आणि न विचारता रस्ता सांगू नये.

"जाडे मोजे तिच्या बॅगेत आहेत," ती मक्याला म्हणाली.
"मंगळवारी दात काढायचाय तिचा," मका म्हणाला.
"माहितीय."
"बरं."

फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय:
ताटांमधून घुसू नये.
ओटिसला वाचता येत नाही.
त्याने काठी टाकली, गुडघ्यांवर बसला,
मला फक्त शेंडे हलताना दिसले,
एक, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्याही पुढचा,
आणि पलीकडे बापाच्या पायांतून
एक लाल टोपी वर आली.
"चीटिंग! चीटिंग!" तिल्डा नाचायला लागली.
"ओटिस?" आईचा आवाज. "ओटिस!"
"माझ्याकडे आहे," तो म्हणाला,
आणि लगेच, "म्हणजे, इकडे आहे."

ती एकटी उभी राहिली.
पोराने पाडलेली फट समोरच होती,
थोडं वाकली असती तर मावली असती.
तिने काठी उचलली, चिखल पुसला,
आणि फडकं वर केलं.

आता फडक्याचं असं आहे,
ते हरवलो एवढंच सांगतं.
कुठे जायचंय, ते त्यावर लिहिलेलं नसतं.
बाहेरचा रस्ता तिथून चारच वळणांचा होता.
मी कर्णा तोंडाला लावला:
पिवळं फडकं, मागे फिरा, पहिलं डावं,
आणि अकराही वळणं सांगितली,
सावकाश, एकेक, ती वळेपर्यंत थांबून.
पलीकडे ते तिघं मातीत फतकल मारून
एक कणीस सोलत बसले होते.

ती पोचली तेव्हा काय बोलणं झालं ते ठाऊक नाही,
मी कॉफी ओतत होते. मुद्दाम.

पाचला निळी गाडी गेली, मागून करडा ट्रक.
हमरस्त्यावर एक डावीकडे वळली, एक उजवीकडे.
सोमवारी हाल्वरसन विचारेल,
मचाणाखालची ताटं कुणी मोडली?
हरीण असेल, म्हणेन. लहानसं.