पाच घटका

गेल्या वर्षी दोन तास, शून्य मिनिटं, एक्केचाळीस सेकंद.
वर्षभर ते एक्केचाळीस सेकंद
बुटात शिरलेल्या खड्यासारखे.
कपातला चहा मायक्रोवेव्हमध्ये गरगरतो तेवढेच.
पंचांगाच्या हिशेबात पावणेदोन पळं, तीही पुरती नव्हेत.

दोन तास म्हणजे बरोबर पाच घटका.
हे बाबांनी सांगितलेलं, चिपळूणला, मावशीच्या लग्नात,
घंगाळात तरंगणारी तांब्याची वाटी दाखवत:
बुडाला सुईएवढं भोक,
पाणी आत चढत असतं, वाटी आपल्याच तोऱ्यात,
आणि मग एकदम, कुणाला न सांगता,
डुबुक्.

आज क्लीथॉर्प्सला, सोळाशे जणांत, उभी आहे.
वय सत्तेचाळीस. छातीवर छापलेलं: हेमांगी.
ओहोटीनं समुद्र इतका लांब गेलाय
की त्यालाही धावायचं नसावं.
वारा मात्र हजर आहे, आडवा.

पहिली वाटी.
सगळे सुसाट सुटतात. मी नाही.
ग्लेनिसनं बजावलंय:
पहिल्या तीन मैलांत तुला कंटाळा आला पाहिजे.
मी आज्ञाधारकपणे कंटाळते.

दुसरी ग्रिम्सबीच्या गल्ल्यांत.
धुरी दिलेल्या हॅडॉकचा वास.
ड्रेसिंग गाउनमधला एक माणूस दारात टोस्ट खात
आमच्याकडे बघतो,
जेवणं आटोपल्यावर आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसा.
"कमॉन, हेमॅन्जी!" एक पोरगं ओरडतं.
मनगट म्हणतं, मैलाला नऊ-सात.
म्हणजे दोन सेकंद शिल्लक.
चिल्लर डब्यात टाकावी तशी टाकते.

तिसरी कधी भरली कळलं नाही.
किनाऱ्याच्या वाटेत जमिनीवर एक पट्टी आली:
शून्य रेखांश.
अख्ख्या जगाची घड्याळं इथून मोजायची, असं ठरलेलं.
एक पाय पश्चिमेला, एक पूर्वेला,
निदान त्या एका ढांगेपुरता
मला काळ लागू नसावा.
मनगट ऐकत नाही. नऊ-अकरा.

आणि मग नाडी सुटली.
डाव्या बुटाची.
(नाडी म्हणजे ठोका. नाडी म्हणजे घटकाही.
आज तिन्ही एकदमच सुटायला निघालेल्या.)
बांधायची तर वाकायला हवं.
नाही बांधली तर तोंडावर.
बेरीज-वजाबाकी करत अर्धा मैल तशीच धावले,
नाडी नडगीवर फटाफट.
मग वाकले.
बोटं माझी नव्हतीच, दुसऱ्याच कुणाची.
चौदा सेकंद.

पोटरीत गोळा. जीभ टाळूला.
पाठीला दोन तासांचा निळा झेंडा बांधलेला पेसर
मागून आला, "चल की" म्हणाला,
आणि गेलासुद्धा.
पुढचे दोन मैल त्या झेंड्याशिवाय
मी इंग्लंडमधलं काहीही पाहिलेलं नाही.

शेवटचं वळण. पिअर. टाळ्या, घंटा, कुणाचं तरी कुत्रं.
धावले. खरंच धावले,
तोंड वाकडं, हात कुठेही,
आणि पन्नासेक पावलं उरली असताना
आतल्या आत ऐकू आलं.
डुबुक्.

दोन तास, शून्य मिनिटं, नऊ सेकंद.

पदक. केळं. चंदेरी प्लास्टिकची शाल.
"बत्तीस सेकंद कमी केलेस, बाई," ग्लेनिस म्हणाली.
हो म्हटलं.
मग गाडीत बसले, दार लावलं,
केळ्याचं साल हातात धरून जरा रडले.

सोमवारी सीटी स्कॅनला मिस्टर स्टेनफर्थ.
वय एक्क्याऐंशी, उभी हयात मासेमारीच्या बोटीवर.
"काय झालं तुझ्या शर्यतीचं?"
"नऊ सेकंदांनी हुकली."
"नऊ! हॅ! नऊ सेकंद म्हणजे काय असतात?"

मी काचेमागे गेले. बटण दाबलं.
रोज म्हणते तेच म्हणाले:
श्वास घ्या. रोखून धरा.

टेबल सरकत राहिलं.
पडद्यावर त्यांची छाती कापाकापानं उमटत गेली,
जुनी, धुरकट, अजून चालती.

सोडा.

धापा टाकत, लालबुंद,
त्यांनी मान वळवून काचेकडे पाहिलं.
"बरेच असतात की गं," म्हणाले.