हिशेब तपासनीसाला चेंडू दाखवताना

तुम्ही विचारलंत, साहेब, बाब क्रमांक सतरा:
चेंडू, सहा डझन, गेले कुठे?
बसा. तिथे पंखा लागत नाही, इकडे सरका.

आमच्या कॉलेजला मैदान नाही. गच्ची आहे,
तिच्यावर पाण्याच्या टाक्या आणि मोबाइलचा टॉवर,
टॉवरच्या भाड्यातूनच ही बाब निघते.
कोर्ट चेंबूरला, एका कंपनीच्या कॉलनीत,
पहाटे साडेपाच ते सात, तासाला तीनशे.
सातला पाच कमी असतानाच वॉचमन
शिट्टी फुंकतो, साहेबलोक यायचे असतात.

मुलांचा संघ चारांचा. मुलींचा तिघींचा,
फॉर्मवर चौघींचा. राखीव नाव लागतंच.
हो, ते मीच भरलं. दिविजा घरत, एसवाय बीकॉम,
फीमाफीचा अर्ज घेऊन खिडकीशी उभी होती.
म्हटलं, उंची बरी आहे तुझी, इथे सही कर.
रॅकेट तिने तोवर धरली होती
ती फक्त डास मारायची.

कोच लॉरी घोन्साल्विस.
जिमखान्यात चाळीस वर्षं मार्कर होता,
म्हणजे मेंबरांना हवा तसा चेंडू परत द्यायचा
आणि जिंकायचं नाही. पगार त्याचाच.
दिविजाला त्याने तेवढंच शिकवलं:
"परत दे गो. नुसता परत दे.
नेटच्या वर, रेषेच्या आत. बाकी सगळी फॅशन."

नोव्हेंबरात शर्वाणी कोठारेचा घोटा मुरगळला
आणि राखीव नाव उठून कोर्टवर गेलं,
उसने बूट, चवड्याशी कापूस कोंबलेला.
समोरची मुलगी स्वतःचा फिजिओ घेऊन आलेली.
मी गेले होते. प्रवासखर्च लावलेला नाही, बघून घ्या.
हरली. सहा-दोन, सहा-तीन.
पण एकदा चेंडू एकेचाळीस वेळा गेला-आला;
टेनिसमधलं मला काही कळत नाही,
मोजायची सवय आहे.
लॉरीने टाळी वाजवली नाही. टोपी काढून
बराच वेळ टोपीच्या आत बघत राहिला.

तर चेंडू.
बारा भिंतीपलीकडे, नाल्यात.
दोन प्राचार्यांच्या नातवाकडे, हे लिहू नका.
उरलेल्यांसाठी चला माझ्याबरोबर.
चपला हळू, वाचनालय आहे.

खाली बघा. खुर्च्यांच्या पायांशी.
लॉरीने ब्लेडने चिरून बसवलेत, टक्कल पडलेले सगळे,
दर खुर्चीला चार.
परीक्षेच्या दिवसांत कुणी उठलं
की फरशी किंचाळायची.
आता ओढा ती खुर्ची. ओढा ना.

चौदा खुर्च्या, छप्पन्न. वाकून मोजा, घाई नाही.
दोन कमी पडतील.
ते त्या तिसऱ्या टेबलावरच्या मुलीच्या पिशवीत आहेत,
कॉस्टिंगच्या पुस्तकात मान घातलीय ना, ती.
संध्याकाळी गच्चीवर टाकीच्या भिंतीशी खेळते.
शिपायाला मीच सांगितलंय, कुलूप नुसतं अडकव.

शेऱ्यात "गहाळ" लिहा की "वापरात",
तुमची मर्जी.
पण पान बत्तीस, साहेब:
कोचचं मानधन, दरमहा चार हजार,
तीन महिने थकलेलं.
तिथे लाल शाईने जरा जाड रेघ मारा.
माझ्या पेनाचं वर कुणी ऐकत नाही.