खोली नंबर अकरा

अंबाजोगाईच्या दवाखान्यात खोली नंबर अकराला
खिडकी नव्हती.
तिथं मी एकतीस वर्षं उजेडाची नोकरी केली.

आत एक तांबडा दिवा, पिकल्या बोराएवढा.
पहिल्याच दिवशी कादरसाब म्हणाले,
"ह्याच्याखाली फिल्म धुवायची. भिऊ नको.
तांबड्याच्या अंगात जोर कमी.
तो फिल्मच्या अंगावरून हात फिरवतो,
जागं नाही करत तिला."

कादरसाब उर्दूत शिकलेले, किरणाला शुआ म्हणायचे.
व्हरांड्यात बिडी पेटवून
टेकडीवरचा टीव्हीचा टॉवर दाखवायचे:
"त्याची लहर माणसाएवढी लांब.
दिव्याची, केसाच्या जाडीहून शंभरपट बारीक.
आपल्या नळीतली तर तिच्याहून हजारो पट.
पण घराणं एकच, बेटा.
आणि चाल सगळ्यांची सारखी,
थोरला म्हणून कुणी पुढं नाही."

फरशीवर त्यांनी चुन्यानं रेघा आखलेल्या.
अंतर दुप्पट, तर मारा पाव.
मागं सर, मागं सर,
बाकीचं पुस्तकात आहे म्हणायचे.
माझ्या छातीवर एक बिल्ला असायचा,
दर तीन महिन्यांनी तो तपासायला जायचा,
माझ्या वाट्याला किती शुआ आल्या
त्याचा हिशेब टपालानं यायचा.

होळची सोजर आली त्या दिवशी
कादरसाब रिटायर होऊन वर्ष झालं होतं.
शेळीमागं पळताना लेकरू पडलेलं,
मनगट सुजून वांग्यासारखं.
ते काही केल्या निवांत राहीना.
तिच्या गळ्यात शिशाचा एप्रन अडकवला,
म्हणलं, माय, त्याचा हात धर
आणि जमंल तितकी मागं सर.
"मागं सरून हात कसा धरू?"

चुन्याच्या रेघांत ह्याचं उत्तर नव्हतं.

खट्ट.
"झालं?"
"झालं."
"उजेड तर पडलाच नाही.
फसवूलालाव का आमाला?"

तिच्या छातीवर बिल्ला नव्हता.

तांबड्या दिव्यासमोर फिल्म धरली, थेंब गळत होते.
कोवळं हाड, ओल्या काडीसारखं
एका अंगानं मोडलेलं, दुसऱ्या अंगानं नुसतं वाकलेलं.
आणि त्याच्याभोवती
चार बोटं, पेरं न पेर,
एकात अंगठी,
खाली काचेच्या बांगड्यांच्या फिकट कडा.

फिल्मवर काळं असतं
तिथं उजेड पोचलेला असतो.
पांढरं म्हणजे
मधे कुणीतरी उभं राहिलं.

हे मला माहीत होतं, नोकरीच ती.
तरी त्या दिवशी फिल्म वाळायला लावताना
चिमटा दोनदा हातातून सुटला.

बाहेर तिनं फिल्म उन्हात धरली,
आठ मिनिटं चालून नुकत्याच पोचलेल्या उन्हात,
एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं
आणि मला विचारलं,
"अंगठी तर माझीच हाय.
हात कुणाचा हो?"